एकटीची ज्वारी

आमच्या शिवारात आता एकच पोरगं उरलं आहे, आणि ते भोंग्यात राहतं.

पौषात ज्वारीची कणसं दाण्यावर आली, की उजाडता उजाडता त्याचा आवाज सुरू होतो. ‘हाऽऽ रेऽऽ! होऽऽ! पळाऽऽ!’ थोडं थांबून पुन्हा तेच, तितकंच, त्याच चालीत. बांधावर रोवलेल्या बांबूला भोंगा बांधलेला, खाली फवारणीच्या पंपाची बॅटरी. आवाज सुमनकाकूच्या नातवाचा. अंश पुण्यात पहिलीत शिकतो. ज्वारीचं उभं रान त्यानं अजून पाहिलेलं नाही. त्याच्या बापानं त्याला फ्लॅटच्या बाल्कनीत उभं करून मोबाइलमध्ये ओरडायला लावलं आणि ते गावी आपल्या आईला, म्हणजे काकूला, पाठवून दिलं. नीट कान दिला तर मागे रिक्षाचा हॉर्न ऐकू येतो, आणि त्याच्या आईचा दबलेला आवाज, ‘अरे हळू, खालचे काका रागावतील.’

यंदा संक्रांतीच्या आधी गावी गेले. बोरीला एसटीतून उतरले, पुढे गावापर्यंत मिळेल त्या वाहनानं आले. फाट्यावरून शेताच्या वाटेला लागले तेव्हा हा आवाज कानावर पडला आणि मला खरंच वाटलं, की कुणाचं तरी पोर राखणीला आलंय. मी धावतच बांधावर गेले. मचाण रिकामं. खाली माझी चुलती, सुमनकाकू, एकटीच पत्र्याचा डबा बडवत होती. आणि भोरड्यांचा थवा भोंग्याच्या तोंडासमोरच्या कणसांवर बसून निवांत दाणे टिपत होता.

‘पयले चार रोज भ्याली,’ काकू म्हणाली. ‘मंग कळलं त्यायला, निस्ता आवाज हाय, मागं माणूस न्हाई. आता त्याच्याच तालावर खायलेत.’

ती हसली. मला हसू आलं नाही. मला राग आला, आणि तो कुणावर काढावा हेच कळेना. पाखरांवर काढावा, तर ती बिचारी कुठून कुठून आलेली. पोटासाठी गाव सोडणाऱ्यांवर रागवायची सवय आमच्या गावाला आता परवडणारी नाही.

‘एकटीनं ज्वारी पेरू नये, पोरी,’ काकू म्हणाली. ‘मला ठावं होतं. तरीबी पेरली.’

ही आमच्याकडची जुनी शहाणीव. शिवारभर ज्वारी असली, की पाखरं शिवारभर वाटली जातात. कुणाची मूठभर जाते, कुणाची पसाभर. पण सगळीकडे सोयाबीननंतरचा हरभरा आणि मधेच एक तुकडा ज्वारी, म्हणजे दहा गावांच्या पाखरांना एकाच घरचं आवतण. काकूला हे कळत होतं. पण भाकरी घरची पाहिजे, गाईला कडबा पाहिजे, म्हणून तिनं पेरली. काका गेल्यापासून ती एकटीच असते. थोरला पुण्यात, धाकटा चाकणला कंत्राटावर. आणि यंदा तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं: ‘हे रान पाखरांनी खाल्लं तर बास. जिमीन बटईनं देते अन् जाते पुण्याला. बसते त्या बाल्कनीत.’

बाल्कनी हा शब्द तिनं असा उच्चारला, जसा लोक कोठडी म्हणतात.

* * *

मला आठवतो तो हिवाळा, मी तिसरीत असतानाचा. तेव्हा नदीपासून थेट माळापर्यंत ज्वारीच ज्वारी होती. शेताशेतात मचाण, मचाणावर पोरं. एका मचाणावरून आरोळी उठली, की पुढचं मचाण ती झेलायचं, त्याच्या पुढचं त्याच्यावर चढ्या आवाजात ओरडायचं, आणि भोरड्यांचा काळा ढग शेतावरून शेतावर ढकलला जायचा. कॅसेटच्या फिती ताणून बांधलेल्या असायच्या. वारा सुटला की त्या चकाकायच्या आणि त्यांतून एक बारीक गुणगुण यायची. गोफणीचा दोर सुटताना होणारा फटकारा अजून माझ्या मनगटात आहे. दुपारी आगटी पेटायची, कणसं भाजली जायची, तळहातावर चोळून हुरडा काढायचा आणि कागदावर ओतायचा.

तो कागद म्हणजे आमच्या घरचं पत्रक असायचं. आमच्या घरात कणग्या कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. बाबा प्राथमिक शिक्षक आणि शाळा सुटली की चळवळीचे. दारूबंदी, हुंडाबंदी, पाणी, रस्ता, प्रत्येकाचं एक पत्रक. मी वाचायला शिकले ती अंकलिपीवर नव्हे, ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा!’ या ओळीवर. हुरड्याच्या वाफेनं शाई ओली व्हायची आणि उद्गारचिन्हं दाण्यांना चिकटायची. वाक्यानं कुणाला तरी उठवलं पाहिजे, ही माझी खोड तिथली आहे.

त्या हिवाळ्यातलं पत्रक होतं ‘दोन मुलं पुरेत’. कुटुंबनियोजनाची शिबिरं तेव्हा थंडीतच लागायची. रिक्षावर भोंगा बांधून बाबा गावभर ते वाचत फिरले. त्यांचा त्या प्रत्येक अक्षरावर विश्वास होता. एका सकाळी जीप आली आणि गावातल्या बायका तिच्यात कोंबून बसवल्या. त्यात आई होती, सुमनकाकू होती. राखण आम्हा पोरांवर आली. मी मचाणावरून ती जीप बघितली, धुरळा उडवत मोठ्या रस्त्याला लागलेली. आम्ही सगळ्या मचाणांवरून हात हलवले, आरोळ्या दिल्या. जीपमधून कुणीच हात हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या तेव्हा पोटाशी हात धरून चालत होत्या. आईनं फक्त एवढं सांगितलं, की खाली सतरंजीवर ओळीनं झोपवलं होतं आणि फरशी लय गार होती. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, असं नर्सबाईनं बजावलं होतं. पण पाखरांना कोण बजावणार? चार दिवसांत काकू शेतात होती, एका हातानं पोट धरून दुसऱ्या हातानं डबा बडवत.

मला कुणी चुकीचं समजू नये. त्या शस्त्रक्रियेच्या विरोधात मी नाही. माझ्या आजीच्या पिढीतल्या बायका बाळंतपणात मेल्या आहेत, त्यांची नावंसुद्धा आमच्या घरात कुणाला नीट आठवत नाहीत. दोनवर थांबणं ही चांगलीच गोष्ट होती. राग वेगळ्याच गोष्टीचा आहे, आणि तो मला यंदा कळला.

* * *

माणसं कमी झाली की गावातून सगळ्यात आधी काय जातं? शाळा नाही, एसटी नाही. आधी ज्वारी जाते. ती घोळक्याचं पीक आहे. राखायला पोरं लागतात, उपटायला जोड्या लागतात, पेंढ्या बांधायला, कणसं खुडायला, मळायला सगळं घर लागतं. सोयाबीनला काय, यंत्र येतं आणि एका दुपारी रान मोकळं करून जातं. ज्वारी गेली की कडबा गेला. कडबा गेला की बैल गेले. बैल गेले की शेणखत गेलं, जमीन दगडासारखी झाली. पिठाची गिरणी आता दिवसाआड चालते. मुक्कामी गाडी बंद झाली. पहिलीच्या वर्गात बसायला पोरं नाहीत म्हणून दोन वर्ग एकाच खोलीत आले. किराणा दुकानात लहान पोरांच्या गोळ्या-बिस्किटांची बरणी होती, तिथं आता गुडघेदुखीचं तेल असतं. दुकानदाराला विचारलं तर म्हणतो, ‘खपतं तेच ठेवतो, ताई.’ अर्थशास्त्र शिकवणाऱ्यांनी त्या दुकानासमोर उभं राहून शिकवावं.

आणि पारावर? पारावर तिशी-पस्तिशीचे बाप्ये बसलेले. लग्न जमत नाही. मुली नाहीत. कुठं गेल्या त्या? यांच्याच वयाच्या असत्या. तपासून घेतल्या, आणि येऊच दिल्या नाहीत. त्या हत्येचं पत्रक कुणी भोंग्यातून वाचलं नाही, ती दार लावून झाली. ज्या आल्या, त्यांनी आपल्या आयांचे हात बघितले आणि ठरवलं, की मातीत नवरा नको. त्यांना दोष द्यायला मी तयार नाही. मीच परभणीला नोकरी करते. मी कोणत्या तोंडानं देऊ?

म्हणजे हिशेब असा. लेकी पोटात मारायच्या. पोरगे शिकवायचे आणि त्यांना इथं काम ठेवायचं नाही. ते शहरात एका खोलीत संसार मांडतात, घरभाडं आणि पाळणाघर यांत एका लेकराला वाढवताना मेटाकुटीला येतात. आणि मग एक दिवस कुणाला तरी शोध लागतो, की देशात लेकरं कमी जन्मतायत! आणि ते सांगायला माणूस येतो कुणाकडे? पुन्हा बायकांकडेच.

* * *

तो यंदा आमच्या गावी आला. संक्रांतीचं हळदीकुंकू मारुतीच्या देवळापुढच्या सभामंडपात होतं. सकाळीच गावातल्या बाया काकूच्या शेतावर येऊन गेल्या होत्या. सुगडात घालायला ज्वारीचं कणीस लागतं, आणि आख्ख्या शिवारात ते एकाच ठिकाणी होतं. बोरं, हरभरा, ऊस, गाजर मिळेल, कणीस कुठून आणायचं? काकूनं सगळ्यांना दिलं. खाल्लेली कणसं बाजूला सारून भरलेली शोधून दिली. आमच्या शेजारची शांताबाई म्हणालीसुद्धा, ‘सुमन, तुझ्या रानात दाण्यापरीस रिकामी कणसंच लय दिसायलेत गं.’

संध्याकाळच्या आधी बाया जमल्या. पाहुणे वक्ते शहरातून आले होते, पांढरे कपडे, खिशाला पेन. सरपंचांनी शाल दिली. त्यांनी भोंग्यात फुंकर मारली आणि म्हणाले, ‘माता-भगिनींनो!’

मी दचकले. ही तर माझ्या घरची भाषा. तोच चढ, तोच हात, वाक्याच्या शेवटी तेच उद्गारचिन्ह. फक्त पत्रक उलटं झालं होतं. देश म्हातारा होतो आहे. उद्या कारखान्यांना हात कुठून येणार? बाजारात खरेदी कोण करणार? म्हाताऱ्यांना कोण सांभाळणार? घरटी किमान तीन लेकरं झालीच पाहिजेत, हे तुमचं कर्तव्य आहे!

प्रश्न खरे होते, हे मी नाकारत नाही. त्या मंडपात बसलेल्या निम्म्या बायांना म्हातारपणी पाणी द्यायला घरात कुणी नाही. म्हणूनच तर चीड येत होती. आमचं दुखणं आमच्याच तोंडावर फेकून तो त्याचं बिल आमच्याच पोटावर फाडत होता.

शांताबाई पदराआडून म्हणाली, ‘ह्याला किती हाईत, इचारा की.’

‘एक हाय म्हणं,’ मागून कुणीतरी म्हणालं. ‘तेबी अमेरिकेत.’

‘मंग बरोबर हाय. तिकडली कमतरता आपल्याकडून भरायलाय.’

खसखस पिकली. वक्ते थांबले, हसले, पुन्हा सुरू झाले. माझ्या मागे आई बसली होती. ती हसली नव्हती. ती भोंग्याकडे बघत होती.

ऊन कललं आणि सुमनकाकू उठली. ही पाखरांची दुसऱ्या जेवणाची वेळ. ती रांगेतून वाट काढायला लागली तसे वक्ते म्हणाले, ‘मावशी, बसा की. पाचच मिनिटं. तुमच्याच भल्याचं सांगतोय.’

‘तुमी सांगा, दादा,’ काकू म्हणाली. ‘माझी पाखरं बसलेत तिकडं. ती काय भाषणाला थांबायची न्हाईत.’

‘तेच तर म्हणतो मी! घरात चार लेकरं असती तर आज पाखरं राखायला...’

‘दोन हाईत की,’ काकू म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ‘चांगले हट्टेकट्टे. एक पुण्यात तुमच्या कारखान्याला हात द्यायलाय, एक चाकणला. तिसरं असतं तर तेबी तिकडंच असतं. माझ्या मचाणावर कामून आलं असतं?’

ती निघून गेली. मग माझी आई उठली. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. तिच्या मागे शांताबाई. मग एकेक करत बऱ्याच जणी. हातात वाणाच्या पिशव्या, कपाळावर ओलं कुंकू, नव्या साड्यांचा सळसळाट. वक्ते ‘माता-भगिनींनो’ म्हणाले, पण समोर बहुतेक सतरंजीच उरली होती.

* * *

नव्या काळ्या साड्या नेसून ज्वारीत शिरलेल्या बायका मी पहिल्यांदाच बघितल्या. ‘हाऽऽ!’ ‘मर मेल्या!’ ‘ऊठ की गं सटवे!’ ज्यांनी वर्षानुवर्षं मोठ्यानं बोलायचं टाळलं होतं, त्यांचे आवाज फुटले. थवा उठला, फिरला, हरभऱ्यावरून लांब गेला. बाया धापा टाकत बांधावर बसल्या, आणि तेवढ्यात भोंग्यातून अंश ओरडला, ‘हाऽऽ रेऽऽ! पळाऽऽ!’ सगळ्या हसत सुटल्या. काकूच्या मात्र डोळ्यांत पाणी आलं.

‘त्या लेकराचा आवाज पाखरायला पाठ झालाय, सुमन,’ शांताबाई म्हणाली. ‘आमचे भर की त्याच्यात. रोज एकीचा लाव. ह्या साली माझ्याकडून हेच वाण समज. नाहीतरी प्लॅस्टिकच्या वाट्या ठेवायला घरात जागा कुठं हाय?’

मोबाइल माझा, म्हणून रेकॉर्डिंग माझ्याकडे आलं. शांताबाईनं पहिली शिवी अशी हासडली, की ती इथं छापता येणार नाही. नव्यानं लग्न होऊन आलेली एक सून तोंडासमोर मोबाइल आल्याबरोबर सवयीनं उखाणाच घ्यायला लागली:

‘ज्वारीच्या कणसात दाणा भरलाय गोड,
संतोषरावांचं नाव घेते, पाखरा, आता रान सोड!’

‘अगं, ओरड की! नवऱ्याचं नाव घेऊन कोणतं पाखरू उडलंय आजपतूर?’ शांताबाई म्हणाली. मग ती पोरगी अशी ओरडली, की मी मोबाइल लांब धरला.

एकेक झाली. कुणी सासूचं नाव घेऊन ओरडलं, कुणी दारूच्या दुकानाचं. शेवटी आई राहिली. ‘मला न्हाई जमत,’ म्हणाली. मी मोबाइल खाली घेतला, तशी तिनं माझ्या हातातून तो ओढून घेतला. समोर कुरतडलेलं रान. मग ओरडली:

‘इचारलं काऽऽ? आरं, इचारलं का मला? खायच्या आधी इचारलं काऽऽ?’

बाकीच्या हसल्या नाहीत. ज्या त्या जीपमध्ये होत्या, त्या तर मुळीच नाहीत.

घरी जाताना मी तिला त्या ओरडण्याबद्दल विचारलं. तिनं चालता चालता सांगितलं, ‘मला पाह्यजेच होतं गं ते आपरेशन. दोन झाले होते, तिसरं नकोच होतं. पण तुझ्या बापानं भोंग्यात सांगितलं, नर्सबाईनं नाव घातलं, तुझ्या आज्यानं हौ म्हणलं. अन् सुमनला पाह्यजे होती एक लेक. तिलाबी कुणी इचारलं न्हाई. तवा लेकरं नकोत म्हणून इचारलं न्हाई, आता पाह्यजेत म्हणून इचारीत न्हाईत.’

इतकं साधं. माझी सगळी पत्रकं तिथं संपली. गावात उरलेल्या चाळीस घरांची राखण करायला माणसं हवीत, हे खरं. पण माणूस म्हणजे कारखान्याचा हात नव्हे, बाजाराचं गिऱ्हाईक नव्हे, म्हातारपणाची काठी नव्हे आणि बांधावरचा भोंगाही नव्हे. ज्या गावात बाईला विचारत नाहीत, ते गाव रिकामं होतं. लेकरं आकडा ऐकून जन्माला येत नाहीत. ती येतात आणि राहतात, जिथं त्यांच्या आईचं जगणं धड आहे. हे ज्यांना कळत नाही, त्यांनी कितीही मोठे भोंगे लावावेत. पाखरांनाही चार दिवसांत समजतं.

* * *

आता माघ सरत आलाय. मी दर रविवारी गावी जाते. आवाज रोज बदलतात, पण नुसत्या आवाजांवर भागत नाही, म्हणून ऊन कललं की शांताबाई आणि अजून एक-दोघी रानात येऊन बसतात. भोरड्यांनी खायचं ते खाल्लंच. तरी निम्म्याच्या वर रान वाचलंय, दाणा टणक झालाय, आता उपटायचीच खोटी. काकूनं पुण्याला फोन करून सांगितलं, ‘येते, पण उन्हाळ्यात, पावण्यावानी. अंशला पुढच्या हुरड्याला घिऊन या. इचारा त्याला, येतो का म्हणून.’

मागच्या रविवारी सकाळी आम्ही ओट्यावर चहा पीत होतो. आई सहज म्हणाली, ‘पुढच्या साली खालच्या तुकड्यात ज्वारी पेरायची. सुमनच्या रानाला लागून. शांताबाईबी पेरायलीय.’

बाबांनी वर बघितलं. ‘ज्वारी? परस्पर ठरवलंस? मला विचारलं नाहीस ते.’

आई कप घेऊन उठली. ‘सकाळधरनं भोंगा लावलाय की,’ म्हणाली. ‘ऐकू आलं न्हाई व्हय?’

आणि लांब, काकूच्या रानातून, आईचाच आवाज पुन्हा उठला, ‘इचारलं काऽऽ?’